जुन्या शाळेसाठी मिळणारं ‘ग्रीन पॅकेज’: गच्चीचा लेप, पंखे, दिवे आणि बाकीचं

जुन्या शाळांच्या इमारती हरित करून देणाऱ्या कंपन्यांचं कोटेशन साधारण एकाच साच्यातलं असतं. गच्चीला पांढरा परावर्तक लेप, जुने पंखे काढून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, ट्यूबच्या जागी एलईडी, वर्गावर्गात सेन्सर, खिडक्यांना सील आणि सगळ्यात वर सौर पॅनेल. शेवटच्या पानावर ‘किती वर्षांत पैसे वसूल’ असा तक्ता. हे परीक्षण त्या पॅकेजचं, एकेक वस्तू सुटी करून. मत आधीच सांगून टाकतो: लेप आणि पंखे घ्या, दिवे जवळजवळ नक्की घ्या, सेन्सर निवडून घ्या, खिडक्या सील करताना जपून, आणि सौर पॅनेल शेवटी. तक्ता मात्र बाजूला ठेवा.

तक्ता चुकतो कारण तो बहुतेक वेळा ऑफिसच्या तासांवर बेतलेला असतो. ऑफिस वर्षाला अडीच-तीन हजार तास सहज चालतं. एका पाळीची शाळा दिवसाला ६ तास आणि वर्षाला साधारण २०० दिवस धरली, तर होतात १,२०० तास. तेही भर उजेडातले. तास अर्ध्यावर आले की वसुलीची वर्षं दुप्पट होतात, एवढं साधं गणित आहे. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तास किती धरलेत? दोन पाळ्या, संध्याकाळचे वर्ग किंवा वसतिगृह असेल तर गोष्ट वेगळी.

गच्चीचा लेप

पॅकेजमधली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी वस्तू हीच. भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. काळवंडलेलं जुनं काँक्रीट त्यातलं जेमतेम २० ते ३० टक्के परत पाठवतं, बाकीचं पिऊन घेतं. चांगला नवा पांढरा लेप ८० टक्क्यांच्या आसपास परतवतो. म्हणजे गच्ची पिऊन घेते ती उष्णता ७००-८०० वॅटवरून २०० वर येते. यात जादू काही नाही, पण परिणाम खरा आहे.

आता विक्रेते हा परिणाम कसा फुगवतात ते पाहा. प्रात्यक्षिकात गच्चीच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून २० अंशांचा फरक दाखवतात. तो गच्चीच्या कातडीचा फरक असतो, वर्गातल्या हवेचा नव्हे. वर्गात हवेचं तापमान साधारण २ ते ४ अंशांनी उतरतं. तरीही मुलांना आराम त्याहून जास्त वाटतो, कारण डोक्यावरचा स्लॅब तव्यासारखा धग फेकायचा थांबतो आणि ही धग हवेच्या थर्मामीटरला नीट कळत नाही. फायदा मात्र फक्त वरच्या मजल्याला. तीन मजली शाळेत दोन तृतीयांश वर्गांना या लेपाचा काहीही उपयोग नाही. कोटेशनमध्ये बचत सगळ्या वर्गांवर पसरलेली दिसली तर तिथेच थांबवा.

डब्यावर एसआरआय नावाचा आकडा छापलेला असतो, पृष्ठभाग उन्हात किती थंड राहतो त्याचा. ठरवून दिलेल्या काळ्या पृष्ठभागाला ०, पांढऱ्याला १००, अशी ही मोजपट्टी. चांगला लेप १०० च्या वरही जाऊ शकतो, त्यामुळे १०५ पाहून दचकायला नको. पण हा आकडा नव्या, स्वच्छ लेपाचा. आपल्याला हवा तो ३ वर्षं उघड्यावर राहिल्यानंतरचा. धूळ आणि शेवाळ मिळून ८० टक्क्यांचं परावर्तन ६० च्या घरात आणून ठेवतात. ३ वर्षांनंतरचा आकडा जो विक्रेता देऊ शकत नाही, त्याच्याकडे तो आकडा चांगला नाही असंच धरून चालावं. दुसरा पाहायचा आकडा उत्सर्जनक्षमतेचा, म्हणजे तापलेला पृष्ठभाग उष्णता किती सहज सोडून देतो त्याचा, तो ०.८५ च्या वर हवा.

खरी मेख जाडीत आहे. १ लिटर द्रव १ चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर १ मिलिमीटरचा होतो. लेपात आकारमानाने ५० टक्के घन पदार्थ असतील तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन उरतो. हे गणित कोणालाही जागेवर करता येतं. ‘२० लिटरच्या डब्यात ४० चौरस मीटर, दोन हात’ असं कोणी म्हणालं, तर वाळलेला थर २५० मायक्रॉनचा झाला. ऊन परतवायला तेवढा पुरतो. ‘वॉटरप्रूफिंगही होऊन जाईल’ हा दावा मात्र त्या जाडीत टिकत नाही. डब्यावर ‘५०० मायक्रॉन’ आणि कोटेशनमध्ये निम्मेच डबे, हा प्रकार फार ठिकाणी दिसतो. डबे मोजून घ्यायचे, रिकामे डबे काम संपेपर्यंत आवारातच ठेवायचे आणि अंगठ्याएवढा कंगव्यासारखा ओल्या थराचा गेज घेऊन दहाबारा जागी टोचून पाहायचं. तो गेज स्वस्त असतो आणि ठेकेदाराच्या वागण्यावर त्याचा चांगला परिणाम होतो.

लेपाआधीचं काम

लेप बिघडतो तो बहुतेक वेळा डब्यामुळे नाही, खालच्या गच्चीमुळे. जुन्या शाळेच्या गच्चीवर चुन्याचे जुने हात, वाळलेलं शेवाळ, कुठे डांबराची ठिगळं आणि भेगांत भरलेलं सिमेंट असं सगळं एकावर एक बसलेलं असतं. भुगा होणाऱ्या चुन्यावर मारलेला लेप चुन्यालाच चिकटतो, आणि चुना कशालाच चिकटलेला नसतो. म्हणून तारेच्या ब्रशने खरवडून आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून गच्ची धुवायची. मग तळहात घासून पाहायचा. हाताला पांढरं लागलं तर पुन्हा धुणं.

भेगा नुसत्या भरून चालत नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून, धूळ झटकून, बारीक भेगेत पॉलिमरयुक्त मॉर्टर आणि हलत्या सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. वर जाळीदार कापड लेपात बुडवून बसवायचं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही, मॉर्टरने गोलाई द्यायची आणि लेप कठड्यावर किमान १५ सेंटिमीटर चढवायचा. पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड ही गळतीची सगळ्यात लाडकी जागा, तिथे कापडाचा थर दुहेरी.

मग ओल तपासायची, आणि हा टप्पा हमखास गाळला जातो. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा गच्चीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवायचा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ४२६३ ही पद्धत हीच. उघडल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर थांबायचं. वरून कोरडीठाक दिसणारी गच्ची पोटात पाणी धरून असते. वर लेप बसला आणि ऊन तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि फुगे येतात.

फुगा आला तर तो फोडून पाहा, दोष कोणाचा ते तिथेच कळतं. आत पाणी निघालं तर ओल न तपासता काम उरकलंय. सोललेल्या तुकड्याच्या पाठीला पिठूळ भुगा चिकटला असेल तर धुलाईत कुचराई. आणि तुकडा दोन थरांच्या मधूनच सुटत असेल, तर पहिला हात मारून मधे दिवस गेले, त्यावर धूळ बसली आणि तशीच दुसरी फेरी मारली. हमीवरून वाद झाला तर हा तुकडा फोटोसकट जपून ठेवा.

बाकीची पद्धत सोपी: प्रायमर, मग पहिला हात उभा, ४ ते ६ तासांनी किंवा डब्यावर लिहिलं असेल तेव्हा दुसरा आडवा. तापलेल्या गच्चीवर भर दुपारी मारू नये. पाणी पटकन उडतं आणि वर साय धरून खाली ओलं राहतं. पावसाचा अंदाज असेल तर नाहीच. आणि सुट्टी लागल्यावरच काम काढा, वर्ग चालू असताना नको.

पाणी साचणाऱ्या गच्चीवर ॲक्रिलिक लेप टिकत नाही. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही डबकं उरत असेल तर आधी उतार दुरुस्त करा, १ मीटरला १ सेंटिमीटर तरी हवा. सिलिकॉन लेप साचलेलं पाणी सोसतो, पण तो धूळ जास्त धरतो, आणि पुढे त्याच्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. एकदा सिलिकॉन मारला की तो रस्ता परतीचा नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

पत्र्याच्या वर्गांना हा लेप काँक्रीटपेक्षाही जास्त फळतो. उघडा जस्ताचा पत्रा चकाकत असला तरी उष्णता सोडून द्यायला कंजूष असतो, म्हणून हात लावला की पोळतो. पण पत्रा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असेल तर त्याला ब्रशने खरवडणं, फवाऱ्याने धुणं, भोक पाडणं सगळं बंद. तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. तिथे प्रशिक्षित माणसांकडून पत्रे बदलून घेणं हाच मार्ग, आणि ते पॅकेजवाल्याचं काम नव्हे.

वर्षातले बरेच महिने थंडी असणाऱ्या भागात पांढरा लेप घेऊ नये. हिवाळ्यातलं फुकटचं ऊन तो परत पाठवतो आणि हीटरचा खर्च वाढतो. तिथे पैसा उष्णतारोधक थरावर घालावा. उष्ण भागातही बजेट असेल तर तो थर लेपापेक्षा सरसच: १५० मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबमधून जितकी उष्णता येते, ती ५० मिलिमीटर एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरीन फोमचा) बोर्ड घातल्यावर साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. बोर्ड स्लॅबच्या वर घालावा, खाली छताला नको. वर घातला की स्लॅब ऊन-थंडीच्या ताणातून सुटतो. खाली घातला तर स्लॅब तापतच राहतो आणि गळती झाली तरी महिनोन्महिने दिसत नाही.

पंखे

जुना १,२०० मिलिमीटरचा पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी २८ ते ३५. पंख्यामागे ४० वॅट वाचले, वर्गात ४ पंखे आणि १,२०० तास धरले, तर वर्गामागे वर्षाला १९२ युनिट. हा आकडा घेऊन कोटेशनमधला आकडा तपासा. दुप्पट दिसला तर तास फुगवलेत.

नुसते वॅट पाहून मात्र पंखा घेऊ नये. कमी वॅटचा पंखा हवाही कमी देत असेल तर काय उपयोग? मिनिटाला किती घनमीटर हवा आणि त्याला किती वॅट, असा भागाकार करा. जुन्या पंख्याचं उत्तर ३ च्या आत येतं, चांगल्या बीएलडीसीचं ७ च्या आसपास. आणि जुने पंखे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर कायम दोनवरच चालत असतील तर बचत १९२ च्या बरीच खाली येते, हेही धरावं. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर मात्र उरलेली वीज नुसती उष्णता करून टाकतो, त्यामुळे तिथे कमी वेगावर फारसं वाचत नसतं.

बसवताना होणारी ठरलेली चूक: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच राहतो. बीएलडीसीच्या आत स्वतःची सर्किट असते, रेग्युलेटरमधून आलेली तुटकी वीज त्या सर्किटला जाळू शकते. रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडून घ्यायची. दुसरी अडचण रिमोटची. शाळेत रिमोट हा प्रकार एक सत्र टिकत नाही. स्विच चालू-बंद करून वेग बदलणारं किंवा भिंतीवर बसणारं कंट्रोल असलेलं मॉडेल मागा. जुन्या इमारतीत छताचा हुक गंजलेला असतो, तो खुंटीसारखा हलवून पाहिल्याशिवाय पंखा टांगू देऊ नका. छत उंच असेल तर लांब दांडा घ्या. पाती जमिनीपासून अडीच ते तीन मीटरवर असली की हवा बाकांपर्यंत पोचते. पण पाती ट्यूबच्या खाली आली तर वहीवर सावल्या लपलपतात. मुलांची डोकी दुखतात आणि दोष दिव्याला जातो.

दिवे

३६ वॅटची ट्यूब तिच्या जुन्या लोखंडी चोकसकट ४५ वॅटच्या पुढे जाते. एलईडी १८-२० वॅटमध्ये भागवतो. पण वॅट सोडून ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड विचारा, कारण बाजारातली १८ वॅटची पट्टी १,६०० ते २,००० आणि चांगली त्याहूनही जास्त देते. कमी ल्युमेनची पट्टी घेतली तर ‘बचत’ मुलांच्या डोळ्यांच्या खर्चाने होते. बाकावर ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) ही वर्गासाठी रूढ पातळी आहे, आणि फळ्यावर ५००. स्वस्त लक्समीटरने रात्री, दिवे लावून, शेवटच्या बाकावर मोजा.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब घालणार असाल तर चोक काढून थेट वीज जोडणारा प्रकार बरा, कारण चोक तसाच ठेवला तर तो मेला की दिवाही गेला. मात्र पट्टीवर स्टिकर हवं: ‘आत चोक नाही, थेट वीज’. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी जुनी ट्यूब त्यात घालील. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्या फोडून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. फार जुन्या चोक आणि कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. त्या काळातली पट्टी टपकत असेल, तेलकट डाग असेल तर उघड्या हाताने काढू नका.

वीज वाचवणारी आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये सहसा नसते: स्विचांची मांडणी. जुन्या वर्गात एक स्विच पुढच्या दोन दिव्यांचा, दुसरा मागच्या दोनचा. उजेड येतो खिडकीतून, बाजूने. खिडकीच्या रांगेचे दिवे एका स्विचवर आणि भिंतीच्या रांगेचे दुसऱ्यावर अशी वायरिंग बदलली की दिवसा निम्मे दिवे बंद ठेवता येतात. वायरिंग असंही जुनं झालेलं असतंच, दिवे बदलताना ते काम त्याच शिडीवर होऊन जातं.

सेन्सर

वर्गात नको. साधा पीआयआर सेन्सर हालचालीतली उष्णता पाहतो. परीक्षा चालू असेल आणि सगळे मान खाली घालून लिहीत असतील तर तो दिवे मालवतो. मग शिक्षक त्याच्यावर कागद चिकटवतात आणि विषय संपतो. स्वच्छतागृह, भांडार, जिना इथे मात्र तो चोख काम करतो. वर्गात लावायचाच असेल तर अल्ट्रासाउंडची जोड असलेला घ्या. दिवा लावणं माणसाने, मालवणं सेन्सरने, आणि विलंब १५-२० मिनिटांचा. दाराकडे तोंड नको, व्हरांड्यातून जाणारा प्रत्येक जण दिवे पेटवत राहतो.

खिडक्या आणि हवा

सील हा भाग थंड भागातल्या पुस्तकातून उचललेला वाटतो. वातानुकूलित संगणक कक्षाला तो हवाच. पंख्यावर चालणाऱ्या वर्गाला घातक. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. ४० मुलांचा वर्ग तो १,००० च्या आत ठेवायला मुलामागे सेकंदाला साधारण ८ लिटर ताजी हवा लागते. खिडक्या बंद करून ती येणार कुठून? त्याच पैशात रंगाने गच्च झालेली वरची झडपं मोकळी करून घ्या, म्हणजे छताखालची गरम हवा बाहेर पडते. ऊन येणाऱ्या बाजूला छज्जा किंवा बाहेरून पडदा लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. आणखी एक: जुना रंग खरवडणं म्हणजे शिशाची धूळ असू शकते. ओल्या पद्धतीने घासा आणि वर्ग रिकामे असतानाच.

सौर पॅनेल

वस्तू उत्तम, वेळ चुकीची. लेप आणि गळतीचं काम राहिलेल्या गच्चीवर पॅनेल चढवले की पुढे सगळं उतरवून पुन्हा चढवायचा खर्च येतो. शिवाय आधी पंखे-दिवे बदलले तर पॅनेल लहान लागतात. जुन्या स्लॅबसाठी वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त धोक्याची, तेव्हा अभियंत्याचा तपास कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत हवा. आणि उन्हाळी सुट्टीत, जेव्हा ऊन सगळ्यात जास्त, तेव्हा शाळा बंद असते. त्या विजेचा हिशेब वीज कंपनी कसा करते हे लेखी घ्या, नाहीतर दोन महिने ती फुकट जाते.

मोजमाप आणि करार

कोणतंही काम काढण्याआधी शनिवारी शाळा सुटल्यावर मीटर वाचा आणि सोमवारी दार उघडण्याआधी पुन्हा. रिकाम्या इमारतीने खाल्लेले युनिट समोर येतात. बहुतेक वेळा दोषी सापडतो तो चालू राहिलेला पाण्याचा कूलर, गळक्या टाकीमुळे पुन्हा पुन्हा सुरू होणारा पंप किंवा संगणक कक्षाचा यूपीएस. ते थांबवायला पॅकेज लागत नाही.

लेपाचा परिणाम मोजायचा तर वरच्या मजल्यावरचे एकाच दिशेचे दोन वर्ग घ्या, एकावर लेप आणि एकावर नाही. दोन्हीकडे बाकाच्या उंचीवर आणि छताखाली तापमान नोंदवणारी लहान यंत्रं किमान दोन आठवडे ठेवा. जाडी, ३ वर्षांनंतरचं परावर्तन आणि फुगे-पोपड्यांची हमी करारात लिहून घ्या, आणि शेवटची १० टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हातात राखा. लेप दरवर्षी धुवायचा कोणी, हेही त्याच कागदावर नाव घालून. हमीच्या अटींत ‘नियमित स्वच्छता’ असं बारीक अक्षरात असतं आणि दावा तिथेच फेटाळला जातो.